न फोडलेलं सील

आयुष्यात किती यंत्रं उघडली ते मला सांगता येणार नाही. न उघडलेलं एक मात्र पक्कं लक्षात आहे. ते आठवलं की आजही हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. तेव्हा गेला नाही, एवढीच खरं तर ही गोष्ट आहे.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "भाऊ, धंद्यातल्या गमती लिहा." गमती आहेत, त्या सांगतोच. पण मन त्या एका गोष्टीपाशी येऊन अडतं. त्यामुळे शेवटी तिथेच यावं लागेल, हे वाचकांनी आधीच समजून असावं.

माझं दुकान शहापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा, आणि भिंतीला टांगलेले स्पीकरचे सांगाडे. मी मूळचा सापगावचा. रेडिओपासून सुरुवात केली, मग टेप आले, भजनी मंडळांचे अँप्लिफायर आले, लग्नाचे लाउडस्पीकर आले. वायर जळल्याचा वास आला की आतलं काय गेलं असेल ते मी झाकण काढण्याआधी सांगायचो. याची मला घमेंड होती. अजूनही थोडी आहे.

मग आपल्या गावांतली पोरं मस्कत-दुबईला जायला लागली. कोणी ड्रायव्हर, कोणी फिटर, कोणी हॉटेलात. येताना प्रत्येकाच्या बॅगेत आवाजाची एक तरी वस्तू असायचीच. स्पीकर, हेडफोन, माइक, काय वाटेल ते. आणि वस्तू म्हटली की बिघडणार. मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला नेली तर तिथला माणूस खालचा नंबर बघून वस्तू आल्या पावली परत करायचा. "हा माल इथला नाही." कंपनी तीच, नाव तेच, डबाही तोच. तरी नाही.

बाहेरच्या माणसाला हे कळत नाही म्हणून सांगतो. वॉरंटी वस्तूची असते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ती ज्या देशात विकली त्या देशाची असते. म्हणजे मस्कतला घेतलेला स्पीकर आमच्याकडे धसईत बिघडला, तर फुकट दुरुस्त होण्यासाठी त्याला पुन्हा मस्कतला जावं लागतं. सोबत बिल पाहिजे, नंबरचा स्टिकर शाबूत पाहिजे, आणि सगळ्यात मोठं म्हणजे स्क्रूवरचं सील फुटलेलं नको. नखाएवढा कागद असतो तो. तो फाटला की कंपनी हात झटकते.

या कामात मी तरबेज झालो. माझ्याकडे एक वही होती. कोण कुठल्या देशातून कधी येणार, सुट्टी किती, परत कधी जाणार, असं सगळं त्या वहीत. गणपतीला येणारे वेगळे, शिमग्याला येणारे वेगळे. त्यांच्या आयांना माहीत नसायचं तेवढं मला माहीत असायचं. वस्तू घ्यायची, बिल शोधायला लावायचं, बॅटरीवाली वस्तू हातातल्या बॅगेतच ठेवा म्हणून बजावायचं, आणि जाणाऱ्याच्या हवाली करायची. दोन-तीन महिन्यांनी वस्तू दुरुस्त होऊन यायची. शहापूर-मुरबाड दोन्ही तालुक्यांत माझं नाव झालं. 'फॉरेनवाले भाऊ' म्हणायचे लोक. मी आयुष्यात कल्याणच्या पुढे फार गेलेलो नाही.

खर्डीच्या एका गृहस्थांनी शारजाहून आलेला उंच स्पीकर आणला होता. तक्रार काय, तर सुरू केला की आतून एक बाई अरबीत काहीतरी बोलते आणि घरातली म्हातारी माणसं देवघराकडे पळतात. "भाऊ, हिला वॉरंटीमंदी बदलून मिळल काय?" मी बटण दाबून बाईची भाषा इंग्रजी करून दिली. महिनाभरानं गृहस्थ पुन्हा हजर. म्हणाले, "पयलीच बरी होती. ही बाय लय रागानं बोलते." मी बाई पुन्हा अरबी केली.

दुसरा प्रसंग एवढा हसण्याजोगा नाही. सापगावजवळच्या भजनी मंडळाला परदेशातल्या एका मुलानं मिक्सर पाठवला होता. माइकचे आवाज कमीजास्त करायची ती बटणांची पाटी असते ना, तो. त्याचा एक भाग मुका झाला. मी सवयीनं सील फोडलं, आतून साफ केलं, चालू करून दिला. पुढे महिन्याभरात दुसरंच काहीतरी गेलं, ते मला जमणारं नव्हतं. मिक्सर परदेशी पाठवला, तर तिकडून उत्तर आलं की सील फोडलेलं आहे, आम्ही हात लावणार नाही. मंडळाचे बुवा भर बाजारात सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊनी आमचा मिक्सर मारला." मला ते फार लागलं. त्या दिवसापासून मी ठरवलं, वॉरंटीतल्या वस्तूचं सील आपण फोडायचं नाही. कितीही सोपं काम असो, कोणी कितीही गळ घालो, मी नियम मोडला नाही. लोक म्हणायचे, भाऊ तत्त्वाचा माणूस. ऐकून बरं वाटायचं.

आता यमुनाबाईंबद्दल.

त्या धसईच्या पलीकडल्या एका वाडीतल्या. दिवाळी नुकतीच झाली होती. दोन एसट्या बदलून आल्या होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, किडकिडीत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक छोटा रेकॉर्डर काढला. साबणाच्या वडीएवढा. आवाज भरून ठेवायचं यंत्र, चांगल्या कंपनीचं. त्यांचा भाऊ दिनेश मस्कतला ड्रायव्हर, त्यानं आणलेला.

"भाऊ, ह्यो चार्ज होत नाय," त्या म्हणाल्या. "ह्यात आमच्या आयचा आवाज हाय."

त्यांची आई जानकीबाई. नाव ऐकल्याबरोबर मी हातातलं काम खाली ठेवलं. आमच्या भागात लग्नाला धवळारीण लागते. भटजी मंत्र म्हणतात ते म्हणतात, पण हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, धवळे म्हणतात त्यांना, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवळारीण. जानकीबाई आमच्याकडची नावाजलेली. माझ्या स्वतःच्या लग्नात हळदीला त्याच होत्या. हे धवळे कुठे लिहिलेले नसतात. आईच्या तोंडून लेकीनं उचलायचे, एवढीच त्याची शाळा.

आणि त्याला नियम फार. मांडव नसेल तर धवळे म्हणायचे नाहीत. उगाच घरात बसून, शिकवायला म्हणूनसुद्धा नाही. अशुभ मानतात. म्हणून शिकायचं ते लग्नातच, आईच्या मागे उभं राहून. जानकीबाई पुढची ओळ उचलायच्या, यमुनाबाई मागची. तीस वर्षं हेच चाललं होतं.

"मागचं समदं येतंय मला," यमुनाबाई म्हणाल्या. "आयनी पुढचं उचललं का माझ्या तोंडात आपोआप येते. पण पुढचं येत नाय. ऐकलंय हजार येळा, पण तोंडात बसलं नाय. ते कायम तिचंच होतं ना."

जानकीबाईंचा दम उखडायला लागला तेव्हा दिनेशनं हा रेकॉर्डर आणला. तरी म्हातारी मांडवाशिवाय म्हणेना. शेवटी अंगणात चार बांबूंचा लहानसा मांडव घातला. उंबराची फांदी रोवली, आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, बांधल्या, पाटावर नवरा-नवरीच्या जागी दोन नारळ मांडले, त्यांना हळद लावली. आणि मग जानकीबाईंनी एका दुपारी, थांबत, पाणी पीत, हळदीपासून वरातीपर्यंतचं सगळं लग्न म्हणून दाखवलं. नारळांचं लग्न. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

मी विचारलं, "मोबाइलवर घेतलं नाही का उतरवून?"

"आयनी शपथ घातली होती. बोलली, मोबाइलात गेलं का उद्या डीजेवाला नाक्यावर वाजवल. एकातच राहू दे."

म्हातारीचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. नाक्यावर काय काय वाजतं ते मी रोज ऐकतो.

यमुनाबाई लग्नाला जायच्या आधी हा रेकॉर्डर कानाशी धरून ऐकायच्या, पुढच्या ओळी तोंडात घोळवायच्या. तोही घराच्या दारात आंब्याचा टाळा बांधून. तुळशीचं लग्न झालं की लग्नं निघणार होती. खर्डीच्या वैशाखातल्या एका लग्नाचं बोलावणंही आतापासूनच आलं होतं. आणि यंत्र बंद पडलं.

मी चार्जरची वायर लावली. दिवा लागला नाही. वायर जरा डावीकडे दाबून धरली, तर दिवा क्षणभर लागला आणि विझला. मला कळलं. वायर जिथे खुपसतात तो सॉकेट आतल्या सर्किटच्या पाटीवरून सुटला होता. नेहमी ओढाताण होऊन होतं तसं. झाकण काढायचं, दोन ठिकाणी सोल्डर करायचं, झाकण लावायचं. असं काम मी जेवता जेवता केलेलं आहे.

यंत्र उलटं केलं. खाली कोपऱ्यातल्या स्क्रूवर सील होतं. कोरं करकरीत.

"बिल आहे?" मी विचारलं. यमुनाबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून बिल काढलं. दोन वर्षांच्या वॉरंटीचे सात महिने बाकी होते. दिनेश सुट्टीवर आला होता, आठवड्यानं परत जाणार होता. सगळं कसं जुळून आलं होतं. बिल आहे, डबा आहे, माणूस आहे, सील आहे. इतकी बिनचूक केस माझ्याकडे क्वचित आलेली.

"हितंच नाय होयाचं काय?" त्या म्हणाल्या.

"होईल हो. पण सील फोडलं की वॉरंटी गेली. उद्या आणखी काही बिघडलं तर कोणी विचारणार नाही. कंपनीच्या हातानं झालेलं काम कायमचं होतं."

"आवाज ऱ्हाईल ना?"

"त्याला काय होतंय? बिघाड चार्जिंगचा आहे. आवाज आत सुखरूप आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मी एका कागदावर इंग्रजीत लिहिलंसुद्धा, आतला आवाज पुसू नका, ही आईची आठवण आहे. कॉलेजातल्या एका मास्तरांकडून तपासून घेतलं. कागद यंत्राला रबरानं बांधला. दिनेश येऊन घेऊन गेला. त्याच्याबरोबर आलेल्या यमुनाबाई निघताना यंत्राच्या डब्याला हात लावून पाया पडल्या. मला वाटलं, केवढा विश्वास आहे बाईचा आपल्यावर.

दीड महिन्यानं दिनेशचा मोबाइलवर निरोप आला. आवाज खुशीत होता. "भाऊ, काम झालं! रिपेर कसला, नवीनच दिला त्यांनी. एकदम सीलपॅक."

मी लगेच फोन लावला. "जुना कुठाय?"

"जुना त्यांनी घेतला ना. त्यांचा नियम हाय. नवीन दिला का जुना जमा."

"कागद बांधला होता तो?"

"काउंटरवरच्यानी वाचला. बोलला, ओके ओके."

दिनेशला बिचाऱ्याला तोवर कळलंच नव्हतं. मी आईचा आवाज म्हटलं तेव्हा कळलं.  दुसऱ्या दिवशी तो गाडी सोडून त्या काउंटरवर गेला. आठवड्यानं परत गेला. जुन्या वस्तू दुसऱ्या गावी जातात, तिथे मोडीत काढतात, शोधून मिळत नाहीत, एवढंच त्याला कळलं. तिकडे कोणी वाईट वागलं नाही. त्यांनी वॉरंटी पाळली. उलट जुन्याच्या बदल्यात नवं दिलं, म्हणजे चांगलंच केलं.

चूक माझी होती आणि ती माझ्या धंद्याची होती. आमच्याकडे दुरुस्ती म्हणजे गेलेली वस्तूच परत येणार. खरचटलेली, डाग पडलेली, पण तीच. मी कधी कोणाची वस्तू बदललेली नाही. त्यामुळे कोणी दुरुस्तीच्या नावाखाली वस्तूच बदलेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि इतक्या वस्तू परदेशी पाठवल्या, त्यातल्या कितीतरी नव्याच होऊन आल्या असणार. लोकांनीही पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. स्पीकर नवा आला तर कोण तक्रार करतं?

नवा रेकॉर्डर मुरबाडच्या एका मुलाबरोबर आला. तो घेऊन मी स्वतः यमुनाबाईंच्या वाडीवर गेलो. दिनेशनं फोनवर सांगतो म्हटलं होतं, मीच नको म्हटलं. रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत गेलो.

त्यांनी यंत्र हातात घेतलं. उलटंपालटं केलं. जुन्याच्या एका कोपऱ्यावर हळदीचा डाग होता, तो त्या शोधत होत्या हे मला कळत होतं. मग बटण दाबून कानाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"ह्यो आमचा नाय," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. त्या खाली बघत ऐकत होत्या. माझं झाल्यावर विचारलं, "काय बिघडलं होतं ते तुमाला ठावं होतं काय?"

खोटं बोलायची सोय होती. यंत्र मोडीत गेलेलं, विचारणार कोण? पण या बाईपुढे ते जमलं नाही. म्हटलं, "हो. माहीत होतं."

"किती टाइम लागला असता?"

"दहा मिनिटं."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर यायच्या नाहीत, आपण निघावं. तेवढ्यात चहा घेऊन आल्या. "तुमी काय मुद्दाम केलं काय," म्हणाल्या, "घ्या." त्यापेक्षा त्यांनी भर बाजारात चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बुवांच्या एका वाक्याला भिऊन मी नियम केला होता, आणि त्या नियमापायी या बाईची आई घालवली होती. चहा मी प्यालो. चव आठवत नाही.

निघताना मी खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि नव्या रेकॉर्डरचं सील त्यांच्यादेखत फोडलं. "आता हे कुठेच जाणार नाही," म्हटलं. "काही झालं तर माझ्याकडे आणा." त्या हो म्हणाल्या. पण त्या सील फोडण्याला आता काही अर्थ नव्हता.

वैशाखात खर्डीच्या त्या लग्नाला मी होतो. साउंडवाल्याचा अँप्लिफायर माझ्या हाताखालून गेलेला, म्हणून त्यानं बोलावलं होतं. यमुनाबाई मांडवात आल्या. हळदीचं चांगलं झालं, देवकाचं झालं. मग एका विधीला त्या उभ्या राहिल्या, मांडवाच्या खांबाला हात लावला, तोंड उघडलं आणि थांबल्या. बायका वाट बघत राहिल्या. कोणीतरी म्हणालं, "उचल ना गो." त्यांचे ओठ हलत होते. मग वरबाप म्हणाला, "टाइम होतोय, डीजे लावा." गाणं सुरू झालं. मीच बरा केलेला तो अँप्लिफायर, आवाज अगदी खणखणीत होता. यमुनाबाई बाजूला सरल्या आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मी जेवलो नाही. पोट बरं नाही असं सांगून घरी आलो.

त्यानंतर मी परदेशी मालाचं काम बंद केलं. ती वही चुलीत घातली. आता कोणी तसली वस्तू आणली तर मी पहिला प्रश्न विचारतो, आत काय आहे? आणि काही असेल तर सील फोडतो. बुवा अजूनही म्हणतात, भाऊच्या हातात वॉरंटी टिकत नाय. म्हणू देत.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर यमुनाबाई दुकानात आल्या. त्या लग्नानंतर आमची भेट नव्हती. तोच रुमाल, त्यात तो नवा रेकॉर्डर. मी लगेच चार्जरची वायर शोधली. पण यंत्र चांगलं होतं. तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव घालतातच, म्हणजे नियम मोडत नाही, असं मनाशी धरून त्यांनी त्या मांडवात बसून येतील तेवढे धवळे भरले होते. त्यांच्या सुनेला शिकायचे होते.

"नीट भरलंय काय बघा," म्हणाल्या.

मी हेडफोन लावले. आवाज स्वच्छ होता. त्यांच्या गळ्यात जानकीबाईंची छटा होती, माझी हळद मला आठवली. पाच-सहा गाणी झाली आणि पुढे आवाज तुटायला लागला. एक ओळ ऐकू यायची, मग काहीच नाही, मग पुन्हा एक ओळ. मी वायर हलवून पाहिली. पिन पुसली. दुसरे हेडफोन लावले. तेच. म्हटलं, गेलं, हेही यंत्र गेलं. मग आवाज वाढवला, तर त्या मोकळ्या जागेत कोंबडी ओरडत होती. लांब कुठेतरी मोटरसायकल गेली. म्हणजे यंत्र चालूच होतं. जागा बरोबर एका ओळीएवढी होती, प्रत्येक वेळी तेवढीच. आणि तेवढं थांबून यमुनाबाई मागची ओळ उचलत होत्या.

मी हेडफोन काढून त्यांच्याकडे बघितलं.

"यंत्रात काही दोष नाही," मी म्हटलं.

"एक कापी तुमच्याकडं राहू द्या," त्या म्हणाल्या. "घरात आग लागते, पाणी येते. तुमच्याकडं ऱ्हाईल."

मी मान हलवली.

"आन् मधी मधी गप हाय ना, ती आयची जागा हाय. ती पुसू नका."

नाही पुसत, म्हटलं.